मैफलीचे फोटो ते फोटोचं बिल: प्रकल्प नोंदी, नागपूर, जून ते डिसेंबर २०२५

१५ जून, रविवार

प्रकल्पाची, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढून त्यावर कमावण्याच्या कामाची, हद्द आज आखून घेतली. दोघांचं पथक, साडेसहा महिने, शहर नागपूर. ३१ डिसेंबरपर्यंत तीन गोष्टी हातात हव्यात: दाखवण्याजोगा पोर्टफोलिओ, वर्षभर काम देतील असे निदान तीन ग्राहक, आणि ऑक्टोबरपासून एकही कार्यक्रम फुकट नाही.

कॅमेऱ्याची यादी करण्याआधी पैसे कुठून येतात ते लिहून काढलं. तिकीट काढून आलेला रसिक फोटो विकत घेत नाही. घेतात ते आयोजक, त्यांच्यामागचे प्रायोजक, संगीत विद्यालयं, आणि पत्रिकेवर छापायला धड फोटो नसलेले नवे गायक-वादक. आणखी एक गट असतो, त्याच्याकडे सहसा कोणी जात नाही: साउंड, लाइट, एलईडी भिंत आणि बिछायतवाले. आपण उभारलेला स्टेज पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांच्याकडे मोबाइलवर काढलेले वाकडे फोटो असतात. सुरुवात इथून करायची.

जागा: रेशीमबागेत सुरेश भट सभागृह, सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, लक्ष्मीनगरात सायंटिफिक सभागृह. मोकळ्यावर कस्तुरचंद पार्क, यशवंत स्टेडियम, आणि खासदार सांस्कृतिक महोत्सवामुळे माहीत असलेलं ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचं मैदान. पावसाळ्यात मैदानं बंदच समजायची. गुरुपौर्णिमा, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग थंडीतले महोत्सव, असा कामाचा क्रम राहील.

सामान: २४ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे, एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) आणि एक क्रॉप (लहान) सेन्सरचा. लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त): ५० मिमी एफ/१.८, ८५ मिमी एफ/१.८, २४-७० एफ/२.८, आणि ७०-२०० एफ/२.८ जुनी, दुसऱ्याने वापरलेली. पैसे अपुरे असतील तर ७०-२०० सोडून द्यावी. ८५ क्रॉप सेन्सरवर लावली की सुमारे १२८ मिमीचं काम करते, आणि नागपूरच्या सभागृहात चौथ्या रांगेच्या कडेवरून गायकाचा चेहरा भरायला तेवढं पुरतं. कॅमेऱ्यासोबत येणारी एफ/३.५-५.६ लेन्स मात्र घरीच ठेवायची. लांब टोकाला ती एफ/१.८ पेक्षा सव्वातीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी उजेड घेते, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० चं काम ३०,००० ला जातं.

२८ जून, शनिवार

एका लाइटवाल्याच्या गोदामात दिव्यांची चाचणी. त्याच्या बदल्यात त्याच्या नव्या ट्रसचे (दिवे टांगायच्या सांगाड्याचे) १० फोटो काढून दिले.

पद्धत: कॅमेरा तिपाईवर, समोर पांढरी चादर. एकेक दिवा, एकेक रंग, आधी पूर्ण उजेडावर आणि मग डिमर ३० टक्क्यांवर. प्रत्येक वेळी शटर १/५०, १/१००, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद असे पाच शॉट, एकदा मेकॅनिकल शटरने (पडदा उघडझाप करतो), एकदा इलेक्ट्रॉनिकने (पडदा न हलता सेन्सर ओळीओळीने वाचला जातो). शंभरावर फ्रेम होतात, दीड तास जातो, पण पुढे महिनोन्‌महिने कामास येतं.

काय दिसलं: जुने हॅलोजन पार कॅन (डब्यासारखे स्टेजचे दिवे) कुठेच त्रास देत नाहीत. त्यांची तार तापलेली असते, ती सेकंदाच्या शंभराव्या भागात विझत नाही. स्वस्त एलईडी पार पूर्ण उजेडावर बरे, डिमर खाली आला की चादरीवर आडवे पट्टे. एलईडी मंद होत नाही, ती चालू-बंद होते आणि डोळ्याला मंद भासते. उदाहरणार्थ एखादा दिवा सेकंदाला ४०० वेळा लुकलुकत असेल आणि आपला सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरने वरून खालपर्यंत वाचायला १/३० सेकंद लागत असेल, तर एका फ्रेमवर तेरा-एक पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२५० सेकंदात उतरतो, तिथे तोच हिशेब दीडेक पट्ट्यावर येतो. आणि शटर १/१०० ठेवलं तर प्रत्येक ओळीला बरोबर चार झपके मिळतात, पट्टा उरतच नाही. १/१२५ ला ३.२ झपके मिळतात, म्हणून अंधूक सावली राहते.

घरगुती ट्यूब आणि साध्या बल्बांसाठी वेगळं लक्षात ठेवायचं: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. तिथेही १/१०० किंवा १/५० सुरक्षित.

निष्कर्ष कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवला: एलईडी मंद, तर १/१०० मेकॅनिकल.

१० जुलै, गुरुवार (गुरुपौर्णिमा)

एका संगीत विद्यालयाचा कार्यक्रम, सकाळी १० ते दुपारी ३. अकरा विद्यार्थी आणि शेवटी गुरूंचं गायन.

बैठकीच्या कार्यक्रमात जागा आधी पकडावी लागते. स्टेज तीन-चार फूट उंच, वर गादी, त्यावर बसलेला गायक. समोरून खाली बसून काढलं तर नाकपुड्या आणि मायक्रोफोन. बहुधा तबला गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे, आणि पेटी दुसऱ्या बाजूला. गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तबलजीकडे वळतो, म्हणून आपण प्रेक्षकांच्या डाव्या कडेला, साधारण ३०-४० अंशांत. तिथून माइकचा दांडा तोंडावरून बाजूला सरकतो आणि मागे तानपुरेवालीचा चेहरा येतो. पेटीवाल्याला मात्र याच जागेवरून न्याय मिळत नाही. त्याच्यासाठी मध्यंतरात बाजू बदलायची.

ताल मोजता येत नसेल तर या कामात फ्रेमांचा ढीग पडतो. विलंबित एकतालात १२ मात्रा, एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. म्हणजे सम मिनिटाला एकदा येते. मधल्या काळात बोट शटरवरून काढून ठेवावं. मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची ओळ) सुरू झाला की कॅमेरा वर. मध्य लयीच्या तीनतालात १६ मात्रा आठेक सेकंदांत संपतात, तिथे प्रत्येक आवर्तनाला संधी आहे. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) म्हणजे तर फोटोग्राफरला दिलेली पूर्वसूचनाच. पहिल्या तुकड्याला फ्रेम ठरवा, दुसऱ्याला शटर अर्धं दाबून फोकस धरा, तिसरा संपतो तिथे दाबा. तीनच फ्रेम. बर्स्ट (सलग फ्रेमा) लावून तीस काढणाऱ्याला समेआधीचा आणि समेनंतरचा चेहरा मिळतो, नेमका हवा तो निसटतो.

सेटिंग: गायक १/१२५, एफ/२.८, आयएसओ ३२००. तबल्याची बोटं पूर्ण थांबवायची तर १/५००. पण तशी थांबलेली बोटं मढ्यासारखी दिसतात. १/१६० वर मनगट स्पष्ट आणि बोटांची टोकं हललेली, हे जास्त बरं. मागे काळा पडदा असल्यावर कॅमेरा चेहरा जाळतो, म्हणून एक्स्पोजर भरपाई उणे ०.७, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापापेक्षा तेवढा स्टॉप कमी उजेड.

आलापात शटर वाजवायचं नाही. सभागृहात हॅलोजन असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द आणि बिनधोक. एलईडी असेल तर मेकॅनिकल, आणि तेही तबला सुरू झाल्यावरच.

११ जुलै, शुक्रवार

छाटणी. कालच्या ६४० फ्रेम, अंदाजे १८ जीबी. पहिली फेरी फक्त नाकारण्याची: मिटलेले डोळे (गायकाचे सोडून, त्याचे चालतात), तोंडावर माइकची सावली, मागे उभा चहावाला. उरल्या १९०. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कलाकाराच्या सर्वोत्तम, जास्तीत जास्त दोन. दिल्या २२.

विद्यार्थ्यांच्या पालकांना आपापल्या मुलाचा फोटो हवा असतो, विद्यालयाला गुरू आणि पूर्ण बैठक दिसणारे चार. हे दोन वेगवेगळे संच आहेत, एकाच लिंकमध्ये कोंबू नयेत.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. लांब बाजू २०४८ पिक्सेल. फोटोखालच्या ओळीत नावं ‘डावीकडून’ या क्रमाने, आणि नाव पत्रिकेवरून पाहून, कानावर विसंबून नव्हे. मेटाडेटात छायाचित्रकाराचं नाव, दिनांक, जागा आणि कलाकार भरून ठेवले. वृत्तपत्राला फोटो द्यायचा असेल तर छाटणीला वेळच नसतो: मध्यंतरात कॅमेऱ्यावर तीन फ्रेमांना निवडीचा तारा लावायचा, मोबाइलवर उतरवायच्या आणि तिथूनच पाठवायच्या.

२४ जुलै, गुरुवार

पाऊस. कार्यक्रम नाही. एका लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी सापडली. कापडी बॅगेत दोन आठवडे पडून होती. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ३० च्या खाली नेऊ नये, रबर कोरडं पडतं. नारंगी जेल घ्यावं. निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास.

एसी सभागृहातून पावसाळी हवेत बाहेर येताच काच धुकटते. निघण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत, बाहेर अर्धा तास तसाच.

९ ऑगस्ट, शनिवार

परवानगी मागणारा मजकूर तीनदा बदलला. आता असा आहे:

‘नमस्कार सर, शनिवारच्या कार्यक्रमाचे फोटो काढण्याची परवानगी हवी होती. फ्लॅश वापरणार नाही, पहिल्या रांगेसमोर उभे राहणार नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे फलक आणि भरलेलं सभागृह यांचे १५ फोटो त्याच रात्री ११ पर्यंत तुमच्याकडे येतील. कलावंतांचे ५ दुसऱ्या दिवशी सकाळी. सोबत मागच्या कामाचे ३ फोटो.’

‘संगीताची आवड आहे, संधी द्यावी’ हे वाक्य काढून टाकलं. आयोजकाला ते रोज कोणी ना कोणी म्हणतं. ‘त्याच रात्री ११ पर्यंत’ हे म्हणणारा सहसा सापडत नाही.

यातलं दीपप्रज्वलन कमी लेखू नये. पाच मान्यवर समईभोवती अर्धवर्तुळात वाकतात, पाठ प्रेक्षकांकडे. त्यामुळे आपण स्टेजवर, समईच्या पलीकडच्या बाजूला हवं, आणि ते निवेदकाशी आधी बोलून ठेवावं लागतं. ५० मिमी, अडीच मीटरवरून, एफ/२.८ ला फुल फ्रेमवर सुमारे ४० सेंटीमीटरचीच खोली स्पष्ट राहते: दोन चेहरे ठीक, तीन मऊ. एफ/५.६ ला ती ८० सेंटीमीटरच्या घरात जाते. आयएसओ ६४०० झाला तरी चालेल, पण अध्यक्षांचा चेहरा मऊ आलेला चालत नाही. सत्काराला क्रम ठरलेला: शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि मग दोघं क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतात. ‘भाऊ, इकडे एकदा’ म्हणायला संकोच करू नये, सगळे त्याचीच वाट बघत असतात.

३० ऑगस्ट, शनिवार

गणेशोत्सव, एका मोठ्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा. त्याआधी दुपारी ढोल-ताशा पथक.

कानात बोळे आजपासून सक्तीचे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ढोलाच्या ओळीत उभं राहिलं तर तेवढी मिनिटं पहिल्याच फेरीत संपतात.

रात्री खरा घोळ एलईडी भिंतीने केला. गायिकेमागे १६ फूट रुंद भिंत, पूर्ण तेजावर. एक्स्पोजर भिंतीला धरला तर गायिका सावली, गायिकेला धरला तर भिंत पांढरी फट्ट. सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय नाही. उपाय एलईडी चालवणाऱ्या दादाकडे होता: तेज ३० टक्क्यांवर आणा म्हटलं, त्याने मिनिटात आणलं, आणि मंडळाचे लोक म्हणाले की आता डोळ्यांनाही बरं वाटतं. उघड्यावरच्या भिंती दिवसा उन्हात दिसाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, रात्री त्यांचा एवढा उजेड कोणालाच नको असतो. हे ध्वनिपरीक्षणाच्या वेळी, संध्याकाळी ५ वाजता सांगायचं.

दुसरं, भिंतीच्या ठिपक्यांची आणि सेन्सरच्या जाळीची गाठ पडली की फोटोत लाटा उमटतात. लेन्सचं छिद्र मोठं (एफचा आकडा लहान) ठेवा, फोकस गायिकेवर, भिंत धूसर झाली की लाटा जातात. एफ/८ ला उभं राहून स्टेजचा रुंद फोटो काढताना मात्र दोन पावलं पुढे-मागे होऊन बघावं लागतं.

३ सप्टेंबर, बुधवार

जांभळ्या चेहऱ्यांचं संपादन. ऑर्केस्ट्राच्या ४१० पैकी ७० फ्रेमांत कातडी निळी-जांभळी आणि कपाळावर रंगाचा सपाट डाग.

कारण: निळ्या एलईडीत जवळपास सगळा उजेड सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलांपैकी एकाच चॅनेलमध्ये येतो. कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निवांत दिसतो, पण आत निळा चॅनेल कधीच आलेखाच्या उजव्या टोकाला टेकलेला असतो. तिथे तपशील नोंदलाच गेलेला नाही, परत आणता येत नाही. म्हणून आरजीबी (तिन्ही रंगांचा) हिस्टोग्राम वेगवेगळा लावायचा, पिक्चर स्टाइल न्यूट्रल, आणि निळा किंवा लाल रंग भरून आला की एक स्टॉप खाली.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळवणी) ऑटो नको. ४००० केल्व्हिनला बांधून ठेवला तर सगळ्या फ्रेम एकाच रीतीने चुकलेल्या असतात, एका झटक्यात सुधारता येतात. संपादनात क्रम: आधी प्रोफाइल सौम्य, मग निळ्याची संपृक्तता उणे ३० च्या आसपास, निळ्याचं तेज वर. तरीही न सुधारले तर कृष्णधवल. लाल उजेडातले चेहरे लाल चॅनेलमधून सुंदर गुळगुळीत निघतात. निळ्यातले निघत नाहीत, प्रत्येक डाग काळा होतो. ७० पैकी ३१ वाचले.

१४ सप्टेंबर, रविवार

कागदपत्रं. हा दिवस पहिल्या आठवड्यात यायला हवा होता.

कॉपीराइट कायदा, १९५७. कलम १७ म्हणतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पण त्याच कलमातला अपवाद (ब) असा की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा असतो. आयोजकाने पैसे देऊन बोलावलं आणि कागद केला नाही, तर फोटो त्याचे. पोर्टफोलिओत लावायलाही त्याला विचारावं लागेल. ‘मी काढले म्हणजे माझे’ ही समजूत इथे चालत नाही. गंमत म्हणजे फुकट काढलेले मात्र आपलेच राहतात.

म्हणून कामाच्या होकारातच दोन ओळी: ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. आयोजकांना हे फोटो स्वतःच्या प्रसिद्धीसाठी, छापील व समाजमाध्यमांवर, तीन वर्षं, भारतात वापरता येतील. प्रायोजकांच्या स्वतंत्र जाहिरातीसाठी वेगळी परवानगी.’ मुदत आणि प्रदेश लिहिणं महत्त्वाचं. हक्क लिहून देताना हे दोन्ही गाळले तर कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आलं तरी त्यावर न थांबता सही किंवा ईमेल घ्यायचा.

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) केली. ऑनलाइन आहे, शुल्क नाही. फायदा वसुलीत: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. व्याज मागायची वेळ येऊ देऊ नये, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही ओळ असली की लेखापाल बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो. जीएसटी नोंदणी सेवेला वर्षाच्या २० लाखांपर्यंत लागत नाही, तोवर बिलात जीएसटीची ओळ टाकूही नये.

दरपत्रक: सभागृह, तीन तास, २० फोटो, रु. ६,०००. त्याच रात्री १५ फोटो हवे तर २,००० वर. साउंड-लाइटवाल्यांसाठी महिन्याला दोन स्टेज, रु. ५,०००. निम्मे आगाऊ.

२ ऑक्टोबर, गुरुवार (विजयादशमी)

नवरात्रात गरब्याची चार बोलावणी नाकारली. तिथे नाचणाऱ्यांचे फोटो हवे असतात, गाणाऱ्यांचे नाही.

आज दीक्षाभूमी परिसरातले भीमगीतांचे छोटे मंच. बाहेरगावाहून आलेले गायक, दोन साध्या एलईडी बल्बांचा उजेड, पेटी, ढोलकी, टाळ्या. इथे १/१०० आणि ५० मिमी एफ/१.८, दुसरं काही सुचवूही नये. विचारून काढले. लोक श्रद्धेने आलेले असतात, लेन्स तोंडात घालायची जागा नाही. गायकांना फोटो मोबाइलवर तिथल्या तिथे दिले. त्यांना पुढच्या कार्यक्रमाच्या फलकासाठी ते लगेच हवे होते. डिसेंबरच्या एका कार्यक्रमासाठी याच ओळखीतून विचारणा आली. शुल्काबद्दल अजून बोलणं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार (पाडवा)

दिवाळी पहाट, उघड्या पटांगणात. वर्षातलं उजेडाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणं काम.

ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. म्हणजे गाणं ६ ला सुरू. या दिवसांत नागपूरला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो. म्हणजे स्टेजचे दिवे आणि आकाश एका तोलात असण्याची वेळ बारा-पंधरा मिनिटांची, आणि ती पहिल्या भूपाळीतच संपते. रुंद फोटो, मागे निळं आकाश आणि पुढे पिवळा स्टेज, हा तेव्हाच मिळतो. त्या वेळी चेहऱ्यांच्या मागे लागू नये.

५.५५: आयएसओ ६४००, १/१६०, एफ/२.८. ६.१५: ३२००. ६.४०: ८००. ७.१५: ४००, शटर १/२५०. ऑटो आयएसओ लावून कमाल ६४०० बांधली तर हात मोकळा राहतो. व्हाइट बॅलन्स मात्र हाताने: सुरुवातीला ३४००, उजेड येईल तसा ५२०० पर्यंत, चार टप्प्यांत. एकच आकडा ठेवला तर शेवटच्या तासाचे चेहरे निळे पडतात.

चूक झाली ती वेगळीच. पटांगण पूर्वेकडे उघडं, स्टेजची पाठ पूर्वेला. साडेसहानंतर सूर्य थेट लेन्समध्ये, गायकांच्या चेहऱ्यांवर अंधार. पुढच्या वर्षीच्या आयोजकांना महिनाभर आधी सांगायचं: स्टेजचं तोंड पूर्वेला ठेवा, कलाकारांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून वर कापडी झाप टाका. बिछायतवाल्याला हे एका वाक्यात कळतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सात बिलं पाठवली, पाच आली. एक ३८ दिवसांवर. आठवण फोनने नाही, बिलाची पीडीएफ पुन्हा जोडून लेखी. दोघांनी टीडीएस (देतानाच कापलेला आयकर) कापला; फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत) दिसेपर्यंत ती रक्कम मिळाली असं धरायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मैदानावरचा मोठा कार्यक्रम. फोटोग्राफरांना अट: स्टेजसमोर कठड्यामागची जागा, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. तीन गाणी म्हणजे बारा-तेरा मिनिटं.

इथे ७०-२०० घेऊन गेलेला फसतो. स्टेज सहा फूट, आपण त्याला टेकून, समोर सबवूफरची भिंत. गायक दोन मीटरवर येतो तेव्हा २४-७० लागते. ७०-२०० दुसऱ्या कॅमेऱ्यावर, मागे सरकणाऱ्या गायकासाठी आणि ड्रमरसाठी. लेन्स मैदानावर बदलायची नाही. नोव्हेंबरची कोरडी धूळ सेन्सरवर बसली की पुढच्या तीनशे फ्रेमांत आकाशात ठिपके.

पहिलं गाणं: गायक, १/२५० किंवा वर, बाकी काही नाही. दुसरं: वादक. तिसऱ्यात मागे वळून गर्दी, कारण तिसऱ्याला लोक उठलेले असतात आणि प्रायोजकाला हाच फोटो हवा असतो. धुराचं यंत्र सुरू झालं की काँट्रास्ट पडतो आणि फोकस भटकतो. तेव्हा एकच बिंदू, गायकाच्या कॉलरवर किंवा केसांच्या कडेवर, जिथे उजेड-अंधाराची रेघ आहे. लेझरची किरणं प्रेक्षकांवर फिरत असतील तर लेन्स खाली. थेट किरण सेन्सरवर पडला तर पिक्सेल कायमचे मरतात.

उघड्यावर १० ला आवाज बंद होणार हे पक्कं, म्हणून शेवटच्या गाण्याची वेळ आयोजकाला विचारावी लागत नाही. पावणेदहाला मागच्या टोकाला, साउंडच्या मचाणापाशी.

१४ डिसेंबर, रविवार

पोर्टफोलिओ. चाळीस निवडले होते, अठरा उरले. नियम असा लावला: फोटोत ओळखीचा कलाकार नसता तरी ठेवला असता का? मोठ्या नावाचे नऊ फोटो तिथेच गळले.

क्रम दोन. आयोजकाला पाठवायच्या संचात तिसरा फोटो भरलेल्या सभागृहाचा, पाचवा सत्काराचा. कलावंताला पाठवायच्या संचात हे दोन्ही नाहीत.

सहा फोटो मोठे छापून पाहिले. ६००० बाय ४००० पिक्सेल ३०० डीपीआयला २० बाय १३ इंच जातात. आयएसओ ६४०० चा कण पडद्यावर सतावतो, छापल्यावर दिसेनासा होतो. म्हणून डीनॉइज (संपादनात कण पुसणं) अर्ध्यावर आणलं, नाहीतर गायकाची दाढी मेणाची दिसते. मॅट कागद घ्यायचा, काळ्या पार्श्वभूमीवर चकचकीत कागद आरसा होतो.

पुढच्या वाटेबद्दल: पुण्यात सतीश पाकणीकरांनी अभिजात संगीतातल्या कलावंतांची प्रकाशचित्रं वर्षानुवर्षं साठवली आणि ती थीम कॅलेंडरच्या रूपाने रसिकांच्या भिंतीवर नेली. नागपूर-अमरावती पट्ट्यातल्या गायक-वादकांचा असा संग्रह करायला दहा वर्षं लागतील, पण त्याची फोल्डर-रचना आजच हवी: वर्ष, महिना, जागा, कलाकार, राग किंवा गाणं. विकायच्या वस्तूवर चेहरा छापायचा तर त्या कलावंताची लेखी संमती, आणि ती कार्यक्रमाच्या दिवशीच घेणं सोपं. नंतर फोन लागत नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार

जमा: दोन संगीत विद्यालयं वर्षभरासाठी, एक लाइटवाला महिन्याच्या दराने, एक आयोजक ‘बघू’ म्हणतो आहे. दोन आणि एक तीन, ठरलं होतं तेवढं. ३८ दिवसांचं बिल ४४ व्या दिवशी आलं. फुकट कार्यक्रम ऑक्टोबरनंतर एक झाला, दीक्षाभूमीच्या ओळखीतला. तो बदलायचा विचार नाही.

साठवण: तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, एक प्रत दुसऱ्या घरी. कार्ड पुसण्याआधी दोन्ही डिस्कवरची संख्या जुळवायची. ऑगस्टची एक डिस्क जोडताच टिकटिकली. दुसरी होती म्हणून भागलं.

जानेवारीसाठी बाकी:
७०-२०० चं रबर बदलायचं.
बोळ्यांची नवी जोडी.
संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानात.
गुरुपौर्णिमेच्या तबलावादकाला तीन फोटो पुन्हा पाठवायचे. ओळीत त्यांच्या आडनावातल्या ‘ळ’ च्या जागी ‘ल’ पडला आहे आणि तोच विद्यालयाच्या वार्षिक अंकात छापायला निघालाय. उद्या सकाळी १० च्या आत.